अंथरूण पाहून स्पीकर पसरावेत!

इंजिनीअरिंगला अ‍ॅडमिशन मिळाली की नातेवाईकांच्या लेखी आपण सर्व विद्यांत पारंगत होतो. मिक्सर बिघडला, बोलवा त्याला! वायफाय येत नाही, विचारा तिला! आणि दिवाळीच्या बोनसवर काकांना म्युझिक सिस्टीम घ्यायची असली की दुकानात सोबत आपणच. तिथे सेल्समन 'पीएमपीओ', 'ऑक्सिजन-फ्री कॉपर', 'गोल्ड प्लेटेड' अशी मंत्रपुष्पांजली म्हणतो, काका आपल्याकडे बघतात आणि आपण गंभीर चेहऱ्याने मान डोलावतो. हे मान डोलावणं थांबलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे काकांचे जातात, पण अब्रू आपल्या शिक्षणाची जाते!

खरं तर खरेदीची सुरुवात दुकानात नाही, घरात व्हायला हवी. ठाण्यातल्या टॉवरमधला हॉल असो की डोंबिवलीतल्या जुन्या सोसायटीतलं वन रूम किचन, आपली खोली हा सिस्टीमचा सगळ्यात मोठा पार्ट आहे आणि तो कुठल्याच दुकानात मिळत नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अर्धी तरंगलांबी बरोबर बसली की ती फ्रिक्वेन्सी खोलीत घुमते. १२ फुटांच्या अंतराला ती येते सुमारे ४७ हर्ट्झ, १० फुटांना ५६. आता खोली १० बाय १० असेल तर लांबी-रुंदी दोन्हींचा घुमारा एकाच ५६ हर्ट्झवर येऊन बसतो. मग गाणं कुठलंही लावा, बास आपला ढुम्म ढुम्म! अशा खोलीत कोपऱ्यात भलामोठा सबवूफर ठेवणं म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायला. त्यापेक्षा छोटे बुकशेल्फ स्पीकर घ्यावेत, कोपऱ्यापासून जमेल तेवढे पुढे आणावेत, ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असं बघावं. मोकळ्या खोलीत टाळी वाजवून बघा. खणखणीत प्रतिध्वनी आला तर गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा, हा पहिला खर्च. घुमणारा बास मात्र पडद्याने आटोक्यात येत नाही, त्याला जागाच बदलावी लागते.

आता वॅट. पीएमपीओ या आकड्याला कुठलीच सर्वमान्य व्याख्या नाही, त्यामुळे खोक्यावर हजारो वॅट छापायला कुणाची आडकाठी नसते. बघायचं ते आरएमएस, तेही किती ओहमला आणि किती डिस्टॉर्शनला. त्याहून महत्त्वाची स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर किती डेसिबल. पॉवर दुप्पट केली की जेमतेम ३ डेसिबल वाढतात. म्हणजे ९१ डेसिबलच्या स्पीकरला २० वॅट पुरत असतील तर तेवढ्याच आवाजासाठी ८५ डेसिबलच्या स्पीकरला ८० वॅट लागतील! आपल्या हॉलमध्ये नेहमीच्या आवाजात ऐकताना सरासरी एक वॅटसुद्धा खर्च होत नाही. बाकीची पॉवर तबल्याच्या कडक थापेसारख्या क्षणांसाठी राखीव. ओहमही जुळले पाहिजेत. ८ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले की झाले ४ ओहम. करंट दुप्पट, आणि त्यासाठी न बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर तापून बसतो. हे तर आपण फर्स्ट इयरलाच शिकतो!

आणि केबल? दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे १२ ओहम. स्पीकर ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ०.१२ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला फरक पडतो सुमारे ०.१३ डेसिबल. तो ऐकू येईल असा कान माझ्या तरी पाहण्यात नाही. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातली फ्लेक्सिबल वायर चालते. अगदी बारीक वायर लांबवर नेली तर मात्र नक्की बिघडतं. सिग्नलच्या वायरला चांगलं शिल्डिंग हवं, नाहीतर हम येतो. पावसाळ्यात टर्मिनल काळे पडतात, ते पुसत जावेत. स्पीकरच्या कडेला फोमऐवजी रबर असेल तर आपल्या दमट हवेत जास्त टिकतं.

कुणी म्हणेल, "ऐकू येतं ते सगळं मोजता येत नाही." ठीक आहे, मग डोळे मिटून ऐकू या! फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं, की स्पीकर दिसत असला की लोकांची मतं बदलतात. रूप, किंमत, नाव हे सगळं कानात शिरतं. शिवाय किंचित मोठा आवाज नेहमी 'चांगला' वाटतो. तेव्हा दोन्हींचा व्हॉल्यूम मीटरने सारखा करा, मित्राला नाणं उडवून वायर बदलायला सांगा आणि दहा वेळा ओळखा. पाच-सहा बरोबर येणं हा निव्वळ नशिबाचा भाग. नऊ किंवा दहा अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता मात्र जेमतेम १ टक्का. तेवढं जमलं तर महागडी केबल खुशाल घ्या.

माझं गणित साधं आहे. दहा रुपये असतील तर सहा स्पीकरला, तीन अ‍ॅम्प्लिफायरला आणि उरलेल्या रुपयात वायर, सतरंजी, पडदा. दुकानात जाताना आपल्या ओळखीचं रेकॉर्डिंग न्यावं. तानपुरा आणि डग्गा असलेलं असेल तर उत्तम, कारण तानपुऱ्याची जवारी आणि डग्ग्याचा घुमारा खोटं बोलत नाहीत. आणि शेजाऱ्यांना विसरू नका. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० नंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि बास तर भिंतीतून पलीकडे जातोच.

शेवटी एक सूचना. आपल्या टेक फेस्टमध्ये रोबो रेस दर वर्षी होते. पुढच्या वर्षी लॅबमध्ये पडद्याआड 'ओळखा पाहू केबल' हा स्टॉलही लावू या. लॅमिंग्टन रोडवरून प्रोजेक्टचं सामान आणतोच, एक स्विच बॉक्स बनवायला कितीसा वेळ लागतो? आणि हो, पालकांनाही बोलवा!