नव्या पुलाचा फोटो

मैत्रिणींनो, आज स्वयंपाकघराला सुट्टी. आज फोटोची गोष्ट.

माझ्या सासूबाईंचं माहेर पुण्यात, शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि त्या पुरात ते घर पडलं. माणसं वाचली, फोटो मात्र एकही राहिला नाही. सासूबाई तेव्हा अकरा वर्षांच्या. त्यांच्या अल्बमचं पहिलं पान अजून कोरंच आहे. दुसऱ्यावर एकदम लग्न!

मध्यंतरी म्हणाल्या, "अगं, नव्या पुलाचा एक फोटो आण ना. दादा आम्हांला संध्याकाळी तिथं न्यायचे."

नवा पूल म्हणजे शिवाजी पूल. १९२३ सालचा, दगडी कमानींचा. शंभरी उलटली तरी पुणेकरांचा 'नवा'च. (लकडी पुलात तरी लाकूड कुठं आहे म्हणा!)

शाळा सुटल्यावर भर दुपारी मोबाईलवर फोटो काढला. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिला. "छान आहे. कुठला गं हा?"

मला वाईटच वाटलं. नीट पाहिलं तर फोटोत लाल बस आणि जाहिरातीचे फलकच उठून दिसत होते, पूल मागे. बटण दाबून कृष्णधवल केला, तर नुसता राखाडी लगदा! लाल बस नि हिरवं झाड आपल्या डोळ्यांना केवढी वेगळी, पण रंग काढून घेतला की दोन्ही जवळजवळ सारखीच करडी होतात. तिथं कामाला येतो तो उजेड आणि सावली. दुपारचं ऊन डोक्यावरून येतं, त्यात दगडाचा खडबडीतपणा दिसत नाही. तांदळातले खडे निवडताना आपण ताट उजेडाकडे तिरपं धरतो ना, तेच इथं.

म्हणून रविवारी कुकर लावायचं काम ह्यांच्यावर सोपवून सकाळीच गेले. डेंगळे पुलाच्या बाजूनं पाहिलं, तर कोवळं ऊन तिरकं पडलेलं. दगड न् दगड सुटा दिसत होता, कमानींच्या पोटात गडद काळोख. आभाळ पांढरंफटक येत होतं, म्हणून पडद्यावर आभाळावर बोट टेकवून उजेड थोडा कमी केला. फोटो रंगीतच काढला आणि घरी येऊन काळा-पांढरा केला. असं केलं की पुढं एखादा रंग उजळ किंवा गडद करायची सोय राहते. दुकानातून पोस्टकार्डाएवढी प्रत काढून आणली, चकचकीत नको म्हणून सांगून.

सासूबाईंनी फोटो खिडकीशी नेला. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग कठड्यावर बोट ठेवलं. "इथं. इथं दादा मला उचलून पाणी दाखवायचे."

आणि आत हाक मारून म्हणाल्या, "अगं, डिंकाची बाटली कुठं ठेवलीस?"