पाद्र्याची लेक, बागबाजारची शाळा

ख्रिस्ती घरांत मुलांना धर्माची मूलतत्त्वे प्रश्नोत्तरांतून शिकवतात. गुरूने विचारायचे, मुलांनी पाठ केलेले उत्तर द्यायचे. पाठांतर वाईटच असे नाही. आपला परवचा तरी दुसरे काय होता? पण आयर्लंडमधील पाद्र्याची लेक मार्गारेट नोबल यांना ऐन तारुण्यात या ठरीव शिकवणुकीविषयीच शंका येऊ लागल्या.

त्याच १८९८ साली कोलकात्याला येऊन भगिनी निवेदिता झाल्या. १३ नोव्हेंबरला बागबाजारच्या बोसपाडा गल्लीत त्यांनी मुलींची शाळा काढली. शारदामातांनी आशीर्वाद दिला. तरी मुली येईनात. मडमेच्या शाळेत पोर बाटेल ही धास्ती! ती अगदीच खुळी नव्हती. मिशनच्या शाळांतून बायबल शिकवले जाईच. निवेदितांनी दारोदार फिरून पालकांची मने वळवली.

वर्गात शिवण, चित्रे, मातीकाम असे आणि धर्म येई तो रामायण-महाभारतातून. सावित्री, ध्रुव, प्रल्हाद यांच्या, घरोघरी आजीच्या तोंडी असलेल्या कथा त्यांनी १९०७ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने आणल्या. पाद्र्याच्या लेकीने त्या पाश्चात्त्य मुलांना सांगितल्या. बागबाजारच्या मुलींना त्या आधीच ठाऊक होत्या.