पुस्तकामुळे जुळलेली माणसं

शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे आपल्याला कदाचित माहीत नसतं, पण गुवाहाटीच्या एका अनोळखी ताईला नारायण धारपांची भयकथा वाचताना आपल्यासारखाच दिवा लावून झोपावं लागतं, हे मात्र पक्कं ठाऊक असतं! ऑनलाइन वाचनगटांची हीच तर गंमत आहे. नाव, वय, नोकरी यातलं काहीही न विचारता तिथे ओळख सुरू होते ती एका प्रश्नाने, 'सध्या काय वाचताय?'

मंडळी, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकाला तो विचारणारं कुणी भेटतच नाही. ऑफिसात हिंदी-इंग्रजी, बाजारात तिथली भाषा आणि मराठी फक्त घरच्यांच्या फोनवर. तिथेही विषय ठरलेले, जेवलास का, सुट्टी कधी? पुस्तक मिटल्यावर मनात जे साठून राहतं, ते बोलायचं कुणाशी?

पत्रांच्या काळातली गोष्ट

पुस्तकांवरून झालेली दूरची मैत्री मोबाइलने आणली असं वाटत असेल, तर हेलिन हॅन्फ या अमेरिकन लेखिकेची गोष्ट ऐका. १९४९ साली न्यूयॉर्कहून तिने लंडनच्या 'मार्क्स अँड कंपनी' या जुन्या पुस्तकांच्या दुकानाला पत्र लिहून काही पुस्तकं मागवली. दुकानातले फ्रँक डोएल उत्तर देऊ लागले. ती बिनधास्त आणि थट्टेखोर, ते अगदी शिस्तीतले. युद्धानंतर इंग्लंडमध्ये अजून रेशन चालू होतं, म्हणून तिने दुकानातल्या सगळ्यांसाठी खाण्याच्या वस्तूंची पार्सलं पाठवली. कादंबऱ्या तिला फारशा रुचत नसत, तरी जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' वाचून ती त्या पुस्तकाच्या प्रेमात पडली. पत्रव्यवहार जवळजवळ २० वर्षं चालला.

पण भेट झालीच नाही. १९६८ मध्ये फ्रँक गेले. १९७० मध्ये ही पत्रं '८४, चेरिंग क्रॉस रोड' या नावाने पुस्तकरूपात आली. १९७१ मध्ये हेलिन लंडनला पोहोचली तेव्हा दुकानही बंद झालं होतं. तरीही ही मैत्री अपुरी होती असं कुणी म्हणेल का?

आवड जुळते, मग पुढे काय?

२००७ मध्ये सुरू झालेल्या गुडरीड्सवर आपलं वाचन दुसऱ्याच्या वाचनाशी ताडून पाहता येतं. दोघांची यादी जुळली की 'अरे, हा तर आपल्यातलाच!' असं वाटतं. फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरच्या मराठी वाचनगटांत यादी नसते, पण कुणी 'बनगरवाडी'चं नाव काढलं की दहा जण धावत येतात. मला मात्र वाटतं, आवड जुळल्याने ओळख होते आणि आवड न जुळूनही बोलणं चालू राहिलं, तर मैत्री होते.

मी ज्या छोट्या वाचनगटात आहे, तिथलंच उदाहरण देते. इंदूरच्या एक निवृत्त काकू आणि कोईमतूरला बँकेत लागलेला एक मुलगा. काकूंचं दैवत खांडेकरांची 'ययाति', त्याचं नेमाड्यांची 'कोसला'. रोज जुगलबंदी! 'काकू, ययातीतली वाक्यं फार सजवलेली वाटतात हो.' 'आणि तुझा तो पांडुरंग सांगवीकर? नुसता कंटाळलेला! चाळीस पानांत मिटलं मी पुस्तक.' आम्ही बाकीचे मजा बघत बसायचो.

एकदा आठ दिवस त्याचा एकही मेसेज आला नाही. आमच्यापैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नाही, काकूंच्या आलं. त्यांनी सरळ फोन लावला. पोराला डेंग्यू झाला होता. घरच्यांना काळजी नको म्हणून कळवलं नव्हतं. डोळ्यांच्या मागे इतकं दुखत होतं की मोबाइलकडे बघवत नव्हतं. काकूंनी आधी त्याला आईला फोन करायला लावला. आई पोहोचेपर्यंत आणि त्यानंतरही काही दिवस, रोज संध्याकाळी त्या फोनवरून त्याला वाचून दाखवत होत्या. काय वाचलं असेल? 'कोसला'! स्वतः चाळीस पानांत मिटलेली.

आता काकूंना 'कोसला' आवडते का? मुळीच नाही. वाद अजून चालू आहे.

मैत्री जपायची तर

- 'छान', 'मस्त' यावर थांबू नका. कोणता प्रसंग आवडला, कुठे कंटाळा आला ते सांगा. बोलणं तिथूनच पुढे जातं.
- कुणाच्या आवडीला हसू नका. रहस्यकथा वाचणारा आणि वैचारिक वाचणारा, दोघेही वाचकच.
- गटातलं कुणी अचानक गप्प झालं, तर एक मेसेज टाका.
- पुस्तकाच्या निमित्ताने कुणी पत्ता, फोटो किंवा पैसे मागू लागलं, तर तिथेच थांबा. प्रत्यक्ष भेटायचं असेल तर सार्वजनिक जागी आणि घरी सांगून भेटा. बंगळुरूच्या कब्बन पार्कमध्ये दर शनिवारी लोक एकत्र बसून शांतपणे वाचतात. पुणे, मुंबई, दिल्लीतही असे गट आहेत. पहिल्या भेटीला अशी जागा उत्तम.

एक गोष्ट थोडी कडू वाटेल, पण सांगायलाच हवी. अनेक गटांत मैत्रीखातर सर्रास पुस्तकांच्या पीडीएफ फिरतात. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत कॉपीराइट असतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे 'श्यामची आई' आता मोकळेपणाने वाटता येते. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०६० अखेरपर्यंत आहे. ज्या लेखकावर आपण इतकं प्रेम करतो, त्याचंच पुस्तक फुकट फिरवायचं हे काही बरं नाही. त्यापेक्षा चार जणांनी मिळून एक प्रत घ्यावी आणि पोस्टाने फिरवावी. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये सुरू केलेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेत पुस्तकांच्या पेट्या अशाच वाचकांच्या एका गटाकडून दुसऱ्याकडे जातात, अगदी महाराष्ट्राबाहेरही. फिरून आलेल्या पुस्तकाच्या पानांत कुणाच्या चहाचा डाग असतो, कुणाची बसची तिकिटं. पीडीएफमध्ये ती मजा नाही!

तर या आठवड्यात एवढंच करा. ज्याच्याशी तुमची आवड अजिबात जुळत नाही, अशा एखाद्या वाचकमित्राला विचारा, 'तुझं सगळ्यात लाडकं पुस्तक सांग, मी वाचून बघतो.' पुस्तक कदाचित आवडणार नाही. पण ते त्याला का आवडलं असेल, हे वाचता वाचता कळत जाईल. भेटू पुढच्या आठवड्यात!