इंजिन गेलं? आधी टॉवेल ओला करा!

प्रीमियर पद्मिनी रस्त्यात बंद पडली, की जमलेल्या चौघांतला एक एक्स्पर्ट म्हणतोच, ‘इंजिन गेलं, बॉस!’ ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी रिटायर झाली, तेव्हापासून तर या गाडीचं वय हाच तिचा आजार मानला जातो.

माझ्या मामालाही तसंच वाटायला लागलं होतं. मे महिन्यात आम्ही रेवदंड्याहून मुरूडला निघालो. काशीद सोडल्यावर चढावर गाडीनं आचके दिले आणि ती थांबली. ‘बास, आता भंगारात देतो,’ मामा म्हणाला. नांदगावहून मेकॅनिक आला. पाना काढायच्या आधी त्यानं चार गोष्टी बघितल्या. त्या तुम्हीही लक्षात ठेवा.

एक, स्टार्टर मारल्यावर इंजिन फिरतंय का? नसेल, तर आधी बॅटरीचे टर्मिनल बघा. खाऱ्या हवेत त्यांच्यावर गंज लवकर चढतो. दोन, टेम्परेचरचा काटा. तो लालमध्ये असेल तर गाडी बंद करा, फॅन बेल्ट तपासा आणि रेडिएटरचं झाकण गार होईपर्यंत अजिबात उघडू नका. तीन, प्लगला ठिणगी मिळतेय का? नसेल तर पॉइंट, कंडेन्सर किंवा कॉइलवर संशय घ्या. चार, कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोचतंय का?

आमचं घोडं इथेच अडलं होतं. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला असतो. कडक उन्हात, चढावर तो इतका तापतो की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ते खेचता येत नाही. यालाच ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. उपाय एकदम देशी: पंपावर आणि पाइपवर ओला टॉवेल. फक्त तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका, त्याला तडा जाऊ शकतो. वीस मिनिटांत गाडी सुरू!

खरं इंजिन जातं ते ‘मुरूड आलंच की’ म्हणत गाडी रेटल्यामुळे. ऑइलचा दिवा लागला, काटा लालमध्ये गेला तरी चालवत राहिलात, तर हेड गॅस्केट उडतं, नाही तर इंजिन जाम होतं. ऑइल दुधाळ दिसलं किंवा सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर आला, तर सरळ टोइंग व्हॅन बोलवा.

आणखी एक. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला मानवत नाही. मामानं त्याच आठवड्यात पेट्रोलचे सगळे पाइप बदलून घेतले. भंगारवाल्याला ‘नको’ म्हणून फोनही केला.

या वीकेंडला जुनी गाडी काढताय? मग डिकीत पाच लिटर पाणी, एक फॅन बेल्ट, पॉइंट-कंडेन्सरचा सेट आणि जुना टॉवेल टाकाच. आणि हो, थोडा पेशन्ससुद्धा!