चुंबक चिकटला तर?
हिंगोलीच्या बाजारात भांडी घेताना खिशातून चुंबक काढणारे गिऱ्हाईक हमखास भेटते. चिकटला, की भांडे नकली! हा निकालच चुकीचा. ४३० ग्रेडच्या अस्सल स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम १६ ते १८ टक्के असते, महागडे निकेल जवळपास नसते. म्हणून ते स्वस्त आणि चुंबकाला धरणारे. इंडक्शनवर चालणाऱ्या पातेल्याच्या तळाला तर असेच स्टील लागते. उलट निकेल वाचवून मँगनीज घातलेल्या हलक्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, आणि तेच निकेलवाले महागडे ३०४ म्हणून गळ्यात मारता येते. फसवणूक होते ती इथे. ४३० ला वावडे मिठाचे: लोणचे त्यात मुरवत ठेवाल, तर बारीक खड्डे पडतील. वेल्डिंगच्या जागी ते ठिसूळही होते. औंढा नागनाथ तालुक्यात होणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या चार-चार किलोमीटर लांब निर्वात नळ्यांसाठी ३०४एल ठरले आहे, तिथे ते हवेच. पिठाच्या डब्याला कशाला? चुंबक घरी ठेवा आणि पावतीवर ग्रेड लिहून मागा.