प्रश्न किती टीबीचा नव्हे, किती प्रतींचा

शेतीची नोंद आता वहीपेक्षा मोबाईलमध्ये अधिक असते. कामगंध सापळ्यांतील पतंगांची मोजणी, किडलेल्या बोंडांची छायाचित्रे, माती परीक्षणाचे अहवाल, प्रशिक्षणाच्या चित्रफिती यांनी हंगाम संपेपर्यंत मोबाईल भरून जातो आणि बाह्य हार्ड डिस्क घेण्याचा विचार सुरू होतो. दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती टीबीची?’ असा. वास्तविक तो ‘किती प्रती?’ असा असावयास हवा.

दिल्लीने या प्रश्नाचे महत्त्व जवळून पाहिले आहे. २६ एप्रिल २०१६ रोजी मंडी हाऊस परिसरातील राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय आगीत सापडले आणि अनेक दशके जपलेले नमुने नष्ट झाले. पुसा परिसरातील राष्ट्रीय जनुक बँकेत बियाणे उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात सुरक्षित असते. तरीही केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात दुसऱ्या जनुक बँकेची घोषणा झाली. पहिली अपुरी ठरली म्हणून नव्हे, तर अमूल्य ठेवा एकाच ठिकाणी असणे हाच धोका असतो म्हणून. बियाण्याला जो न्याय, तोच नोंदीला लागू व्हावा.

प्रत्यक्षात गरज किती असते? मोबाईलचे एक छायाचित्र सुमारे ४ ते ५ एमबीचे धरले, तर १ टीबीच्या डिस्कमध्ये अशी सुमारे दोन लाख छायाचित्रे मावतात. चित्रफिती फार नसतील, तर एका कार्यकर्त्याला अनेक हंगाम ती पुरते. म्हणून ४ टीबीची एकच डिस्क घेण्यापेक्षा १ टीबीच्या दोन घेणे अधिक शहाणपणाचे. एक कार्यालयात, दुसरी घरी. दर महिन्याला दोन्हींवर नवी नोंद. दोन्ही एकाच कपाटात ठेवल्यास दुसरीचा उपयोग निम्मा होतो.

प्रकार निवडताना वापर पाहावा. हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते. दुचाकीवरील हादरे आणि हातातून पडणे तिला सोसत नाही. शिवारात नेण्यासाठी एसएसडी बरी, मात्र ती महागडी असते आणि वर्षानुवर्षे न जोडता ठेवल्यास तिच्यातील माहिती क्षीण होऊ शकते. म्हणून फिरतीसाठी एसएसडी आणि घरी ठेवण्यासाठी स्वस्त हार्ड डिस्क, अशी जोडी सोयीची. दिल्लीत काय किंवा विदर्भात काय, मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. बंद गाडीत तो त्याहून चढतो. तेथे कोणतीही डिस्क ठेवू नये.

नेहरू प्लेससारख्या मोठ्या बाजारात किंवा ऑनलाइन खरेदी करताना अशक्य वाटणारी स्वस्ताई टाळावी. १६ टीबी लिहिलेल्या काही स्वस्त वस्तूंमध्ये आत लहानसे मेमरी कार्ड असते. जागा संपली की जुन्या नोंदीवर नवी नोंद चढते आणि ते कळतही नाही. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ही मात्र फसवणूक नव्हे. तो मोजण्याच्या पद्धतीतील फरक आहे. पक्के बिल आणि हमीपत्र घ्यावे, आणि महत्त्वाची माहिती भरण्यापूर्वी डिस्क एकदा पूर्ण भरून तपासावी.

‘सगळे क्लाऊडवर आहेच’ असे म्हटले जाते. ती तिसरी प्रत म्हणून उत्तम. परंतु गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबीच जागा मिळते, आणि आपोआप जुळणाऱ्या खात्यात मोबाईलवर पुसलेले छायाचित्र तेथूनही पुसले जाऊ शकते.

दोन डिस्कचा खर्च अनावश्यक वाटणाऱ्यांनी नोंदीचे मोल आठवावे. गुलाबी बोंडअळीच्या पतंगांनी प्रतिसापळा सलग तीन दिवस ८ ची मर्यादा कोणत्या वर्षी कधी ओलांडली, हे स्मरणातून सांगता येत नाही. २०१८ मध्ये मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम आढळली. अशी नवी कीड आली की, ती पूर्वी येथे नव्हती हे ठरविण्यास जुन्या, दिनांक असलेल्या नोंदीच कामी येतात. डिस्क पुन्हा विकत घेता येते; गेलेला हंगाम पुन्हा मोजता येत नाही. म्हणून विस्तार कार्यालयांनी खरेदीच्या मागणीपत्रातच डिस्क एकऐवजी जोडीने मागवाव्यात आणि मासिक प्रत काढण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवावी.