अक्षराचा दुसरा दिवस

पैनगंगेच्या काठी वसलेले किनवट हे नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे तालुक्याचे गाव. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, पूर्वेला तेलंगणातील आदिलाबाद आणि भोवती सागवानाचे जंगल. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील अशा गावात 'डिझायनर' कोण, असे कोणी विचारले तर ऐकणारा क्षणभर गोंधळेल. तो शब्द पुण्या-मुंबईचा, असेच त्याला वाटेल. परंतु लग्नपत्रिका कोण करून देतो, दुकानाची पाटी कोण करतो, अठाईच्या अनुमोदनेचा फलक कोठे मिळतो, असे विचारल्यास बोट लगेच बाजारपेठेतील एखाद्या छोट्या दुकानाकडे जाते. तेथे संगणकासमोर बसलेला माणूस हाच त्या गावाचा रचनाकार होय. त्याच्या पाटीवर 'डीटीपी, फ्लेक्स, झेरॉक्स' असे लिहिलेले असते, एवढेच.

त्याच्या आठवड्याचा हिशेब मांडला तर समाजाचे अर्धे जीवन त्याच्या पडद्यावरून जाताना दिसते. सोमवारी किराणा दुकानाचे बिलबुक, मंगळवारी शाळेचे प्रमाणपत्र, बुधवारी साखरपुड्याची पत्रिका, गुरुवारी कोणाच्या तरी उठावण्याचा मजकूर, शुक्रवारी वाढदिवसाचा फलक. शनिवार-रविवार म्हणजे इतरांची सुटी आणि त्याची धावपळ. नोकरदार मंडळी रविवारी मुलांना घेऊन उनकेश्वरच्या उष्ण पाण्याच्या झऱ्याकडे, पावसाळ्यात सहस्रकुंडाच्या धबधब्याकडे, नाहीतर माहूरगडाकडे निघतात. समारंभही बहुधा रविवारीच असतात. त्यामुळे शनिवारी रात्री नऊ वाजता त्याला फोन येतो. उद्या सकाळी फलक हवा, मजकूर मोबाइलवर पाठवला आहे, शुभेच्छुकांत दोन नावे वाढवायची आहेत आणि अध्यक्षांचा फोटो थोडा मोठा करायचा आहे. अशा घाईत अक्षराचे वळण, दोन ओळींमधील अंतर, रंगांचा मेळ यांचा विचार कोण आणि केव्हा करणार?

वास्तविक या कामाची परंपरा लहान नाही. मराठी माणसाने ज्यांची अक्षरे आयुष्यभर पाहिली, पण ज्यांचे नाव अनेकांना उशिरा कळले, ते कमल शेडगे हे याचे ठळक उदाहरण. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात त्यांनी नोकरी केली. 'महाराष्ट्र टाइम्स'ची नाममुद्रा त्यांच्या हातची. त्याच हाताने त्यांनी असंख्य मराठी नाटकांची शीर्षके रेखाटली. 'मत्स्यगंधा'चे शीर्षक त्यांपैकीच एक. वृत्तपत्रातील नाटकाची जाहिरात म्हणजे बोटभर जागा आणि एकच काळी शाई. तेवढ्यात नाटक गंभीर आहे की विनोदी, पौराणिक आहे की घरगुती, हे केवळ अक्षरांच्या वळणातून वाचकाला कळावे, अशी त्यांची किमया होती. मोठी जागा आणि अनेक रंग हाताशी असले म्हणजे काम चांगले होते, हा समज त्यांच्या कामाने खोटा ठरवला.

दुसरे उदाहरण रघुनाथ कृष्ण जोशी यांचे. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. 'विंडोज २०००' बरोबर घरोघरीच्या संगणकांत आलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांच्या हातून घडला. सरकारी कार्यालयातील परिपत्रके, बँकांची पत्रे, शाळांच्या सूचना वर्षानुवर्षे या अक्षरांत निघत राहिल्या. १५ जुलै २०१० रोजी केंद्र सरकारने रुपयाचे चिन्ह स्वीकारले, ते डी. उदयकुमार यांनी रेखाटलेले. त्यांचे संशोधनही याच केंद्रातील. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा मेळ घालून, वरच्या आडव्या रेघांनी त्यांनी ते चिन्ह सिद्ध केले. आज प्रत्येक पावतीवर ते आहे आणि ते पाहताना कोणालाही त्याच्या कर्त्याची आठवण होत नाही. चांगली रचना अशीच असते. ती रोजच्या वापरात मुरून जाते.

जैन समाजाला तर ही दृष्टी वारशानेच मिळालेली आहे. कल्पसूत्राच्या जुन्या पोथ्या पाहिल्या की याची साक्ष पटते. ताडपत्राच्या पानांना भोक पाडून, त्यातून दोरा ओवून पोथी बांधली जाई. पुढे कागद आला आणि दोऱ्याची गरज उरली नाही. तरीही लेखकांनी पानाच्या मध्यभागी चौकोनी जागा मोकळी सोडण्याची रीत पुढे चालू ठेवली आणि तेथे लाल टिंब किंवा लहानशी नक्षी काढली. जुन्या गरजेचे त्यांनी नव्या शोभेत रूपांतर केले. लिहिताना चूक झाली तर त्यावर पिवळा हरताळ फासून अक्षर झाकले जाई व त्यावर शुद्ध अक्षर लिहिले जाई. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार पोथीलेखनाच्या याच पद्धतीतून आलेला आहे. चूक झाली म्हणून पान टाकून द्यायचे नाही, ते दुरुस्त करायचे, हा संयम त्या पिवळ्या रंगात आहे.

या पोथ्यांची जपणूक केवळ जैसलमेर-पाटणलाच झाली असे नाही. विदर्भातील कारंजा (लाड) येथील जैन मंदिरांतही ग्रंथभांडारे सांभाळली गेली. पुष्पदंत कवीचे 'जसहरचरिउ' १९३१ मध्ये आणि 'णायकुमारचरिउ' १९३३ मध्ये छापील रूपात आले, ते कारंजाच्याच ग्रंथमालेतून. षट्खंडागमाच्या ताडपत्री प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथे शतकानुशतके जपल्या गेल्या आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून तो ग्रंथ अमरावतीहून प्रकाशित होऊ लागला. ताडपत्र ही किती नाजूक वस्तू! वाळवी, ओल, आग, सारेच तिचे शत्रू. तरीही ती टिकली, कारण लिहिणाऱ्याने आणि सांभाळणाऱ्याने उद्याचा विचार केला होता.

नजीकच्या काळातील एक रचना तर प्रत्येक जैन घरात आहे. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने १९७४ मध्ये सर्व संप्रदायांनी मिळून जैन प्रतीक स्वीकारले. लोकाकृतीची बाह्यरेषा, तीत चार गतींचा स्वस्तिक, त्यावर रत्नत्रयाचे तीन बिंदू, सर्वांत वर सिद्धशिलेची चंद्रकोर आणि खाली चक्रांकित हात, त्यात 'अहिंसा' हा शब्द. पूजापद्धतीपासून पर्वतिथींपर्यंत ज्यांच्यात भेद आहेत, ते सारे एका रेखाकृतीखाली एकत्र आले. एखादे चित्र काय करू शकते, याचे याहून मोठे उदाहरण शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही.

आता हेच प्रतीक आज कोठे कोठे आढळते ते पाहावे. चातुर्मास प्रवेश, अठाई, मासखमण, पारणे, महावीर जयंती, प्रत्येक प्रसंगी चौकाचौकांत फ्लेक्सचे फलक लागतात. त्यांवर तीर्थंकरांचे चित्र, गुरुभगवंतांचा फोटो, नवकार मंत्र आणि खाली शुभेच्छुकांची रांग. सोहळा संपतो. दोन दिवसांनी एका बाजूची दोरी तुटते, फलक वाऱ्यावर फडफडू लागतो. आठवड्याने तो कोणी तरी काढून नेतो. मग तो गोठ्याच्या छपरावर दिसतो, सरपणावर पसरलेला दिसतो, आठवडी बाजारात भाजीच्या ढिगाखाली अंथरलेला दिसतो. नेणाऱ्या गरिबाचा यात काहीही दोष नाही. त्याला पाऊस अडवायचा आहे. पूर्वजांनी जी नावे ताडपत्रावर लिहून मस्तकी लावली, ती आपण ताडपत्रीच्या मोलाने रस्त्यावर सोडली, हा दोष आपला आहे.

ज्ञानाच्या साधनांची आशातना होऊ नये म्हणून लिहिलेल्या कागदाला पाय लागला तरी आपल्या घरात लहान मुलाला नमस्कार करायला लावतात. पोथीवर बसायचे नाही, पुस्तक जमिनीवर ठेवायचे नाही, असे त्याला शिकवले जाते. मग चोवीस चौरस फुटांचे अक्षर गटाराच्या काठी पडते, तेव्हा त्या मुलाने काय समजावे?

थोडा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद असे दहा फलक एका तपस्येनिमित्त लागले असे धरू. ते झाले २४० चौरस फूट. एका पर्युषणात गावातील दहा तपस्वींसाठी प्रत्येकी एवढेच फलक लागले, तर २,४०० चौरस फूट प्लास्टिक केवळ आठ-दहा दिवसांकरिता गावात येते. फ्लेक्सच्या कापडात पीव्हीसी असते. ते कुजत नाही, आणि जाळले तर विषारी वायू बाहेर पडतो. ज्या तपस्वीने पाण्याच्या थेंबातील जीवांचा विचार करून उकळलेले पाणीही मोजून घेतले, त्याच्या अनुमोदनेसाठी शेकडो वर्षे न जिरणारी वस्तू भूमीवर सोडणे कितपत सुसंगत आहे, याचा विचार संघानेच करावयाचा आहे. कायम टिकावयाचे शब्द पूर्वी नाशवंत पानावर लिहिले जात आणि जपले जात. आज एका दिवसापुरते शब्द अविनाशी प्लास्टिकवर छापले जातात आणि फेकले जातात.

यावर कोणी म्हणेल, मग फ्लेक्स बंद करा. तसे म्हणणे सोपे आहे. परंतु त्या छोट्या दुकानदाराचे पोट चौरस फुटांवर चालते, हे विसरून चालणार नाही. त्याला रचनेचे पैसे कोणीच देत नाही. त्याने दोन तास डोके लावून अक्षर बसवले तरी ग्राहक विचारतो ते फुटाचा भाव. साहजिकच मोठ्यात मोठा फलक विकला जावा, यातच त्याचे हित राहते. म्हणून सुधारणा करावयाची तर ती त्याच्या उत्पन्नाला हात न लावता करावी लागेल. छपाईचे पैसे निराळे आणि रचनेचे निराळे, अशी रीत संघाने स्वतःपासून सुरू करावी. फलक लहान आणि थोडे, पण विचाराचे मोल पूर्ण, असे ठरले तर तोही आनंदाने साथ देईल.

दुसरे म्हणजे कापडी फलक. जाड मांजरपाटावर किंवा खादीवर संघाचे नाव आणि जैन प्रतीक एकदाच उत्तम हाताने रंगवून घ्यावे. तपस्वीचे नाव आणि तिथी यांसाठी खाली नाडीने बांधता येईल अशी वेगळी पट्टी असावी. पट्टी बदलेल, फलक वर्षानुवर्षे चालेल. ब्रश धरणारे जुने पेंटर अजून गावोगावी आहेत, फ्लेक्स आल्यापासून त्यांचे हात रिकामे आहेत. किनवट-माहूर परिसरात बंजारा तांडे आहेत. तेथील स्त्रियांनी आरसे, कवड्या आणि रंगीत दोरा यांनी फेटिया व काचळीवर केलेली कशिदाकारी पाहिली की रंगसंगतीचे शिक्षण शहरातच मिळते हा भ्रम दूर होतो. संघाच्या फलकाची किनार अशा हातांकडून, योग्य मोबदला देऊन करून घेता येईल. जैनांच्या दृष्टीने कवडी हा प्राणिज पदार्थ आहे, तेव्हा आरसे आणि दोरा एवढ्यावरच काम करण्यास सांगावे. ते तितकेच सुंदर होते.

तिसरी गोष्ट नियमाची. टाकून दिल्या जाणाऱ्या कोणत्याही वस्तूवर, म्हणजे पाकीट, पिशवी, पेला, पत्रावळ यांवर तीर्थंकरांचे चित्र, गुरूंचा फोटो किंवा मंत्र छापू नये. निमंत्रणपत्रिकेत मंगलाचरण हवेच असेल तर 'श्री' या एका अक्षराने ते होते. मजकूर तीन दिवस आधी, लेखी आणि एकाच जबाबदार व्यक्तीमार्फत द्यावा. शुभेच्छुकांची नावे अकारविल्हे लावावीत, म्हणजे रुसवे-फुगवे त्या दुकानदाराच्या डोक्यावर येत नाहीत. आणि फलक बांधण्याचे काम ज्याच्याकडे, उतरवण्याचेही त्याच्याचकडे. उतरवण्याचा दिवस आधीच ठरलेला असावा.

राहिला प्रश्न रविवारचा. पाठशाळेतील मुलांना महिन्यातून एका रविवारी या रचनाकाराकडून अक्षर शिकता येईल. त्याला मानधन द्यावे, खुर्ची द्यावी, 'सर' म्हणावे. मुलांनी बोरूने एक ओळ लिहावी, तांदळाचा साथिया रेखताना त्याची मापे समजून घ्यावीत, हस्तलिखित पानांची छायाचित्रे पाहून मधल्या लाल टिंबाचे कारण शोधावे. शेजारच्या निर्मल गावची लाकडी रंगीत खेळणी प्रसिद्ध आहेत. सहल काढावयाची तर तेथील कारागिरांचे काम पाहण्यासाठीही काढता येते. यातून सगळी मुले चित्रकार होणार नाहीत. परंतु पुढे कोणी व्यापारी होईल, कोणी संघाचा मंत्री होईल. तेव्हा फलकाची मागणी नोंदवताना तो किती मोठा हवा याच्याआधी तो नंतर कोठे जाणार, असे विचारण्याची सवय त्यांना लागलेली असेल.

चातुर्मासाची तयारी दरवर्षी आषाढाच्या आरंभी होते. त्या बैठकीत भोजन, मंडप आणि निवासाची यादी तयार होते, तशीच एक ओळ फलकांसाठी घालावी. किती, कशावर, कोणाच्या हातचे आणि कोणत्या तिथीला उतरवणार, एवढेच चार मुद्दे. त्या बैठकीस बाजारपेठेतील त्या रचनाकारालाही बोलवावे, आणि मजकूर देण्याचा दिवस ठरवताना एक रविवार त्याच्या घरासाठी मोकळा राहील, एवढे पाहावे.